बर्दियाच्या जंगलात पायी: नेपाळमध्ये वाघ पाहायला जाताना

ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांना जंगल जिप्सीतून बघायची सवय असते. गेटवर नोंद, ठरलेला रूट, गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही, आणि कुठे कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागलेल्या प्राण्याचा इशारा, ऐकू आला की दहा गाड्या त्या दिशेला. नेपाळच्या पश्चिम तराईतल्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक गाइड सोबत असतील तर जंगलाच्या आत दिवसभर पायी फिरता येतं. त्याच जंगलात वाघ आहे, रानहत्ती आहे आणि एकशिंगी गेंडाही आहे. हे तिन्ही प्राणी जमिनीवर उभं राहून बघायची संधी देणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत. मुंबई-पुण्याहून इथे पोहोचणं वाटतं तितकं अवघड नाही, पण तयारी नीट करावी लागते.

माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला असा: बर्दियाला काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथच्या सहलीत एक रात्र म्हणून चिकटवू नका. स्वतंत्र ट्रिप करा. जंगलात पूर्ण तीन दिवस मिळतील असं बघा, चार मिळाले तर फारच छान. इथे जे दिसतं ते थांबून, बसून, वाट पाहून दिसतं, आणि त्यासाठी हाताशी वेळ हवा.

चितवन की बर्दिया?

नेपाळ आणि प्राणी म्हटलं की ट्रॅव्हल एजंट चितवनचं नाव घेतो. चितवन नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९७३ची, आणि १९८४पासून जागतिक वारसा यादीत आहे. गेंडा हीच मुख्य इच्छा असेल तर बिनदिक्कत चितवनला जा. २०२१च्या गणनेत नेपाळमध्ये ७५२ गेंडे मोजले गेले, त्यातले ६९४ एकट्या चितवनमध्ये होते. बर्दियात तेव्हा ३८ होते. घरातली वयस्कर मंडळी आणि लहान मुलं बरोबर असतील तरीही चितवनच सोयीचं. चितवनला लागून असलेल्या सौराहा गावात हॉटेलं भरपूर आहेत आणि गोरखपूर-सुनौलीमार्गे रस्ता सरळ आहे.

वाघ बघायचा असेल, गर्दी नको असेल आणि चालायची तयारी असेल, तर बर्दिया. इथल्या वाघांची गोष्ट खरोखर अभिमान वाटावा अशी आहे. २००९च्या गणनेत ९६८ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात १८ वाघ होते. २०२२मध्ये ते १२५ झाले. याच काळात पूर्ण नेपाळचा आकडा १२१वरून ३५५वर गेला. त्यामागे सैन्याची गस्त आहे, गावकऱ्यांनी सांभाळलेली सामुदायिक वनं आहेत आणि भारतातल्या कतर्नियाघाट अभयारण्याशी जोडणारा खाता नावाचा जंगलपट्टा आहे. वाघ, हत्ती, गेंडे त्या पट्ट्यातून सीमा ओलांडून ये-जा करतात.

कधी जायचं

पावसाळ्याचा, म्हणजे जून ते सप्टेंबरचा, विचार करू नका. ओढे भरतात, रस्ते तुटतात, गवत डोक्याच्या वर जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा सुंदर आणि आकाश स्वच्छ असतं, पण गवत अजून उंच असतं. पक्षी पाहणाऱ्यांना हे दिवस चांगले, वाघासाठी कठीण.

डिसेंबर अखेर ते जानेवारी तराईत दाट धुकं पडतं. काही दिवस सकाळी दहा-अकरापर्यंत समोरचं झाड दिसत नाही, विमानं रखडतात, आणि थंडी आपल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असते. मातीच्या खोल्यांत हीटर नसतो. हिवाळ्यात ठरावीक दिवस आसपासच्या गावकऱ्यांना घरं शाकारायला लागणारं गवत कापून नेण्याची मुभा मिळते, मग गवताळ पट्टे जाळले जातात. कोवळा फुटवा आला की चितळांचे कळप उघड्यावर येतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून हा फरक स्पष्ट जाणवतो.

वाघासाठी सर्वोत्तम काळ मार्च ते मेची सुरुवात. जंगलातले पाणवठे आटतात आणि उन्हं चढली की वाघ नदीवर उतरतो, पाण्यात बसतो. ऊन मात्र कडक असतं. एप्रिलच्या शेवटी पारा चाळिशीला टेकतो. ऊन सोसत नसेल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा समतोल काळ धरा. मी तोच सुचवेन.

पोहोचायचं कसं

आपल्यासाठी सोपा रस्ता लखनौवरून जातो. मुंबईहून लखनौला विमान घ्या, किंवा पुष्पक एक्स्प्रेसने जा. लखनौहून बहराइच, नानपारा करत रुपईडिहाच्या सीमेवर बस किंवा टॅक्सीने पाचेक तासांत पोहोचता. पलीकडे जमुनहा, आणि तिथून ई-रिक्षाने नेपालगंज शहर. नेपालगंजहून कोहलपूर, मग महेंद्र राजमार्गाने पश्चिमेला अंबासा, आणि अंबासाहून डावीकडे वळून ठाकुरद्वारा. उद्यानाचं मुख्यालय आणि बहुतेक लॉज ठाकुरद्वाऱ्यातच आहेत. नेपालगंज ते ठाकुरद्वारा खासगी गाडीने अडीच-तीन तास लागतात. बसने आलात तर अंबासाला उतरा आणि लॉजवाल्यांना आधीच फोन करून गाडी मागवा. हा शेवटचा टप्पा संध्याकाळनंतर पायी किंवा दुचाकीवर करायचा नाही. वाटेवर हत्ती येतात.

महामार्गाचा काही भाग उद्यानातूनच जातो. प्राणी गाडीखाली येऊ नयेत म्हणून सैन्याच्या चौक्यांवर गाड्यांच्या वेगावर लक्ष ठेवतात आणि ठरलेल्या वेळेआधी पुढची चौकी गाठली तर दंड होतो. ड्रायव्हरला घाई करायला सांगू नका.

काठमांडूहून यायचं असेल तर नेपालगंजपर्यंत साधारण तासाभराचं विमान आहे. रात्रभराची बसही आहे, पण ती अंग मोडून टाकते. दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात चालायचं आहे हे लक्षात ठेवून ठरवा.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर सीमेवर भन्सार, म्हणजे सीमाशुल्क, भरावा लागतो. तो दिवसांच्या हिशोबाने असतो, म्हणून मुक्कामापेक्षा एक दिवस जास्तीचा भरा. गाडीचं मूळ नोंदणीपत्र आणि लायसन्स हवंच, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीयांना व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींपैकी एक, मूळ प्रत. आधार कार्डावर विसंबून निघू नका, विमानतळावर तर ते चालतच नाही. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५च्या पुढची मंडळी यांना यात सवलत आहे, त्यांना वय दाखवणारं फोटोचं ओळखपत्र पुरतं.

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. १०० आणि त्याखालच्या भारतीय नोटा सर्वत्र चालतात. मोठ्या नोटांचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत राहिले आहेत, त्यामुळे शंभरच्या गड्ड्या घेऊन जाणं सगळ्यात बिनघोर. नेपालगंजमध्येच पुरेसे नेपाळी रुपये हातात घ्या. ठाकुरद्वाऱ्यात एटीएमच्या किंवा क्यूआर कोडच्या भरवशावर राहू नका. शनिवारी नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी असते, बँका बंद.

उद्यानाचा प्रवेश परवाना ठाकुरद्वाऱ्याच्या कार्यालयात मिळतो. आपल्याला सार्क देशांच्या नागरिकांचा दर लागू होतो, तो इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बराच कमी आहे. परवाना दिवसाच्या हिशोबाने असतो. लॉजवाला काढून देतो, पण पावती मागून घ्या आणि जंगलात जवळ ठेवा.

लॉज आणि गाइड

लॉज निवडताना खोलीपेक्षा गाइडची चौकशी जास्त करा. सारवलेल्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या साध्या, थारू या स्थानिक समाजाच्या पद्धतीच्या खोल्या बहुतेक ठिकाणी मिळतात आणि उन्हाळ्यात त्या सिमेंटच्या खोल्यांपेक्षा गारही असतात. जंगलातला दिवस मात्र पूर्णपणे गाइडवर अवलंबून असतो.

पायी जाताना गटाबरोबर दोन गाइड असायला हवेत, एक पुढे आणि एक मागे. पैसे वाचवायला कुणी “एकाच गाइडवर भागवू” म्हणालं तर साफ नाही म्हणा. बुकिंगच्या वेळी काही प्रश्न थेट विचारा: गाइड किती वर्षं याच जंगलात काम करतो? गटात किती माणसं असतील? ठरलेल्या रकमेत परवाना, दोन्ही गाइड, डबा आणि जीप यातलं काय धरलंय? चालायच्या गटात चारच्या वर माणसं नकोत. आवाज वाढतो आणि संकटात सगळ्यांना सांभाळणं गाइडला जमत नाही. बहुतेक गाइड हिंदी उत्तम बोलतात. वयाने मोठा असेल तर “दाइ” म्हणा, लॉजमधल्या बाईंना “दिदी”. तिथे तीच रीत आहे.

गाइडच्या हातात फक्त काठी असते. बंदूक नसते, आणि ती नसते म्हणूनच तो इतका सावध चालतो.

चालायचा दिवस

सकाळी उजाडता निघायचं आणि मावळायच्या आत बाहेर यायचं. सूर्यास्तानंतर उद्यानात थांबायची परवानगी नाही. डबा लॉजवाले बांधून देतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या.

कपडे मातकट, खाकी किंवा गडद हिरवे. पांढरा आणि लाल टाळा. पूर्ण बाह्या, पूर्ण पॅंट, टोपी. अत्तर, डिओ लावायचा नाही. पायात वापरून सवयीचे झालेले बूट. नदी ओलांडायला पट्ट्याची सँडल पाठपिशवीत ठेवा, कारण गेरुवा नदीचे फाटे दिवसात अनेकदा ओलांडावे लागतात. गाइड जिथून उतरतो तिथूनच उतरा. खोल डोहाच्या काठावर हात-पाय धुवायला बसू नका, मगरी असतात.

निघण्याआधी गाइड प्राण्यांबद्दल सूचना देतो. त्या लक्ष देऊन ऐका, शंका असेल तर परत विचारा. थोडक्यात त्या अशा. गेंड्याची नजर कमजोर, पण नाक आणि कान तिखट. तो धावून आला तर जवळच्या झाडावर चढायचं. चढता येईल असं झाड नसेल तर जाड खोडामागे जायचं, तेही नसेल तर नागमोडी पळायचं आणि पाठपिशवी किंवा टोपी फेकायची, म्हणजे तो वासापाशी थांबतो. वाघ समोर आला तर पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. नजर त्याच्यावर ठेवून सगळ्यांनी एकत्र, हळूहळू मागे सरायचं. अस्वल दिसलं तर एकमेकांना चिकटून उभं राहायचं, गाइड काठ्या आपटून मोठ्याने आवाज करतात. आणि हत्तीपासून लांब राहायचं. तो तुमच्या दिशेने यायला लागला तर गाइड सांगेल त्या बाजूला, थांबून मागे न बघता, पळत सुटायचं.

सकाळचे पहिले दोन-तीन तास वाळूवरचे ठसे वाचण्यात जातात, आणि हा भाग मला साइटिंगइतकाच, म्हणजे प्रत्यक्ष प्राणी दिसण्याइतकाच, मोलाचा वाटतो. चांगला गाइड ठसा दिसला की खाली बसतो. कडा धारदार आहेत का, वाळूचे कण आत ढासळलेत का, दवाचे थेंब ठशावर पडलेत की ठसा दवावर उमटलाय, किड्यांची नक्षी ठशावरून गेली आहे का, हे तो बोटाने दाखवतो. दव आधी आणि ठसा नंतर असेल तर वाघ उजाडताना इथून गेलाय. नराचा ठसा चौकोनी, मादीचा किंचित लांबट. वाटेतल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यापाशी तो तुम्हाला वाकून वास घ्यायला सांगेल. वाघाने हद्द आखायला मारलेल्या फवाऱ्याला शिजत्या बासमतीसारखा वास येतो. यात कल्पनाशक्तीचा भाग नाही: बासमतीला सुगंध देणारं तेच रसायन त्या फवाऱ्यातही असतं.

ऊन चढलं की बसायचं. नदीच्या वळणावर, पलीकडचा काठ दिसेल अशा सावलीत. तीनकुनी ही अशी एक नावाजलेली जागा आहे. तिथे कधी कधी दुसरे गटही बसलेले असतात, तेव्हा गाइडला शांत जागेबद्दल विचारा. बसणं म्हणजे खरोखर तीन-चार तास बसणं. मोबाइल सायलेंटवर, बिस्किटाचा पुडा आधीच फोडून डब्यात काढलेला, बोलणं कुजबुजीत. लघवीला जायचं असेल तर गाइडला सांगून त्याच्या नजरेच्या टप्प्यातच जायचं, ही लाजायची गोष्ट नाही.

या वेळात जंगल काही ना काही देत राहतं. पाण्यात पाणमांजरांचं टोळकं, धनेशाच्या पंखांचा आवाज, काटेसावरीवर वानरं. कान वानरांकडे ठेवा. चितळ कशालाही दचकतं, त्याच्या एका कॉलवर फार भिस्त ठेवू नये. वानर उंचावरून प्रत्यक्ष बघून खाकरतं, आणि एकाच जागी न थांबता तो आवाज झाडावरून झाडावर पुढे सरकायला लागला तर खाली वाघ चालतोय असं समजा. गाइड अशा वेळी हाताने इशारा करून सगळ्यांना खाली बसवतो. उठून कॅमेरा काढायला धडपडू नका. कॅमेरा आधीच गळ्यात हवा. वाघ नदीत उतरला तर तो दोन मिनिटांत पलीकडे जाईल किंवा तासभर पाण्यात पडून राहील. दोन्ही वेळी तुम्ही हललात नाही तरच.

दुर्बीण प्रत्येकाकडे हवी, शक्यतो ८ × ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. एकच दुर्बीण फिरवत बसलात की नेमक्या क्षणी ती दुसऱ्याच्या हातात असते.

जीप, होडी, आणि कुणी चालू नये

दिवसभराचं चालणं दहा ते पंधरा किलोमीटर होतं, सपाट पण वाळू-दगडांतून. गुडघे कुरकुरत असतील, गर्भारपण असेल, लहान मुलं असतील तर चालू नका. जीप घ्या. जीपने जंगलाचा जास्त पट्टा पाहून होतो, बघौरा फाँटासारखी गवताळ मैदानं आणि खैर-शिसवीच्या राया त्यातून छान दिसतात. पहिला दिवस जीप आणि पुढचे दिवस चालणं असा क्रमही चांगला, जंगलाचा नकाशा डोक्यात बसतो. बबई नदीचं खोरं एकाकी आणि देखणं आहे, पण तिथे जायला पूर्ण दिवस आणि वेगळी व्यवस्था लागते.

चिसापानीच्या पुलापासून कर्णाली-गेरुवामधून तराफ्याने खाली येण्याचा एक दिवस जरूर ठेवा. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी आणि लांब निमुळत्या तोंडाच्या सुसरी दिसतात, हत्ती पाण्यावर आले तर तेही. गंगेतल्या डॉल्फिनचं आश्वासन देऊन कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. गेरुवातलं पाणी पश्चिमेच्या फाट्याकडे वळल्यापासून इथे डॉल्फिन दिसणं दुर्मीळ झालंय.

हत्तीवर बसून सफारी घेऊ नका, चितवनमध्येही नाही. त्या हत्तीला माणसं वाहायला तयार करताना जे सोसावं लागतं ते कळल्यावर तिथून दिसलेल्या गेंड्याचा आनंद होणार नाही.

तब्येत

डासांसाठी मलम आणि रात्री मच्छरदाणी. उन्हाळ्यात गवतातून आल्यावर गोचीड बघून काढायच्या. काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागे. घरून मीठ-साखरेची पाकिटं, जुलाब-तापाची औषधं, बँडेज आणि रोजच्या गोळ्या न्या, कारण ठाकुरद्वाऱ्यात औषधांचं फारसं काही मिळत नाही. मोठी रुग्णालयं कोहलपूर आणि नेपालगंजला आहेत. तिथले नंबर लॉजवाल्यांकडून पहिल्याच संध्याकाळी लिहून घ्या.

गावातली संध्याकाळ

एक रात्र शक्य असेल तर खाता पट्ट्यातल्या डल्ला गावच्या थारू होमस्टेमध्ये काढा. तिथल्या बायका तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी करतात, ती तिखट चटणीबरोबर खायला मागा. आपल्या मकर संक्रांतीच्या दिवसांत थारूंची माघी असते. ते त्यांचं नवं वर्ष, आणि तेव्हा ठाकुरद्वाऱ्याच्या मंदिरात जत्रा भरते. धुक्याची तयारी ठेवून त्या वेळी जाणाऱ्याला वाघ कदाचित दिसणार नाही, पण गाव सगळ्यात रंगलेलं दिसेल.

इथे एक विनंती. वाघ वाढले त्याची किंमत याच गावांनी मोजली आहे. गवत-सरपणाला गेलेली माणसं वाघाने मारली आहेत, हत्तींनी घरं पाडली आहेत. कुतूहल म्हणून कुणाच्या घरी जाऊन हल्ल्याच्या कहाण्या खणू नका, जखमांचे फोटो मागू नका. गावात जेवा, गावातल्या माणसांनाच गाइड म्हणून घ्या, पैसे गावात राहतील असं बघा. गाइडला टिप वाघ दिसला म्हणून नको, त्याने दिवसभर घेतलेल्या कष्टांसाठी द्या, वाघ न दिसलेल्या दिवशीही. साइटिंगवर टिप अवलंबून राहिली की गाइड प्राण्याच्या नको इतक्या जवळ जातो, आणि त्यात तुमचाही जीव धोक्यात येतो.

परत येताना

ठाकुरद्वाऱ्याहून सकाळी लवकर निघा म्हणजे दुपारच्या आत सीमा ओलांडता येते. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, गाडी ठरवताना वेळ कुठली ते स्पष्ट विचारा. त्याच रात्री लखनौहून सुटणारं विमान किंवा रेल्वे धरायच्या फंदात पडू नका, हिवाळ्यात तर मुळीच नाही. एक मुक्काम लखनौला ठेवा. आणि उरलेले नेपाळी रुपये नेपालगंज किंवा रुपईडिहातच बदलून घ्या, पुढे ते घेणारं कुणी सहज सापडत नाही.